पाम्फिल मास्तरांचा तंबू

पाम्फिल मास्तरांनी मंगळवारी सकाळी अंगणात तंबू ठोकला, तेव्हा त्यांची बायको अग्लाया स्वयंपाकघराच्या खिडकीतून एवढंच म्हणाली, "हे खेळ आटोपले की परसातला कोबी काढायचाय." लॅटिनच्या मास्तराशी तीस वर्षं संसार केलेली बाई सहसा कशाला दचकत नाही.

मास्तरांच्या डोक्यात ती तीस वर्षं एकच क्रियापद ठाण मांडून होतं. मूळ अर्थ 'घडी घालणे'. रोमन लोकांचं हे क्रियापद स्पेनला गेलं आणि तिथं त्याचा अर्थ झाला 'पोचणे', कारण खलाशी बंदराला लागले की शिडं गुंडाळत. तेच आमच्या रोमानियात आलं आणि झालं 'निघणे', कारण शिपाई तंबू गुंडाळून वाटेला लागत. असं विद्वान म्हणतात. मास्तरांना ते नुसतं म्हणायचं नव्हतं, करून दाखवायचं होतं.

बघायला स्पेनहून बेगोन्याबाई येणार होत्या. एका मोठ्या भाषाविषयक वार्षिकाच्या त्या संपादक. या वार्षिकाकडून मास्तरांचे सतरा लेख साभार परत आले होते. प्रयोग पटला तर अठरावा छापू, असं बाईंनी कळवलं होतं. चार वाजता त्यांच्यासमोर तंबू उतरवायचा, जमलेल्या बघ्यांनी आपसूक घरची वाट धरायची, की झालं सिद्ध. आपलं नाव एकदा छापून आलं की सुखानं मरू, असं मास्तर मनापासून म्हणत.

मरणाची वेळ मात्र भलत्यावरच आली. आमच्या तेकुच गावात एवढा मोठा तंबू एकच, चर्चचा. तो शनिवारी कुणाच्या अंगणात दिसला तर लग्न, आणि मधल्या वारी दिसला तर घरात कुणीतरी गेलं. मास्तरांच्या घरात जाण्याजोगं माणूसही एकच होतं. सासूबाई परास्किवा, वय त्र्याण्णव, आणि आठवडाभर खोकत होत्या.

समोरच्या तुदोसियाने हिशेब लावला आणि दहा वाजेस्तोवर मेलेल्यांच्या नावाने करतात तो गव्हाचा गोड कोलिवा शिजवून आणला. मागोमाग कोबीच्या पानात गुंडाळलेल्या सरमाल्यांची पातेली, मेणबत्त्या, बाकडी आणि आलुबुखाराच्या दारूचे बुधले आले. मास्तर जो येईल त्याला क्रियापद समजावत होते. लोक त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होते. सासूवर एवढी माया होती हे कुणाला ठाऊक नव्हतं, असं तुदोसिया अग्लायाच्या कानात म्हणाली.

बारा वाजता परास्किवा आजी स्वतःच काठी टेकत पायरीवर आल्या. त्यांच्या आत्म्याला शांती मिळावी म्हणून लोक पहिला घोट रिवाजाप्रमाणे जमिनीवर सांडत होते. आजींनी ते पाहिलं.

"सांडताय कशाला?" त्या म्हणाल्या. "जिच्या नावाची आहे तिला द्या."

दोन बायकांनी छातीवर क्रूसाची खूण केली, एक पुरुष बाकावरून पडला. मग सगळे खूष झाले. मास्तरांना वाटलं, आता मंडळी उठतील. पण मेलेल्याच्या नावाने आणलेलं अन्न परत घरी नेणं म्हणजे घरात मरण नेणं. ते इथंच संपवायला हवं. आजी मधल्या खुर्चीत बसल्या आणि सकाळपासून कोण कोण काय काय चांगलं बोललं, ते पुन्हा सांगायला लावू लागल्या.

चार वाजता बेगोन्याबाई आल्या. त्यांना आधी कोलिवा मिळाला, मग सरमाले, मग आजींचा मुका. मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. सत्तावीस माणसं तंबूत जेवत होती आणि एकही हलायचं नाव घेत नव्हतं. त्यांनी मन घट्ट करून आपल्या चार जुन्या विद्यार्थ्यांना खूण केली. दोर सुटले, कापड लोकांच्या डोक्यावरून ओढलं गेलं, व्यवस्थित घडी झाली. नोव्हेंबरचा बोचरा वारा थेट ताटांवर आला.

लोक उठले. मास्तरांचे डोळे भरून आले.

लोकांनी बाकडी उचलली, पातेली उचलली, आजींना खुर्चीसकट उचललं आणि सगळे मास्तरांच्या घरात शिरले. दोन खोल्यांत सत्तावीस जण आणि बेगोन्याबाई. पलंगावर सात बसले, उरलेले खिडकीत आणि मास्तरांच्या पुस्तकांवर. आत आल्यावर बुधले नव्याने उघडले.

बाईंनी मांडीवर वही घेतली आणि लिहायला सुरुवात केली. मास्तर त्यांच्या खांद्यावरून वाचत होते. 'रोमानियातही तंबूची घडी होताच लोक निघत नाहीत. पोचतात.'

"बाई, हे नका छापू हो," मास्तर काकुळतीला आले. "माझा सगळा सिद्धांत उलटा होतोय."

"पण असा पुरावा मी आजवर पाहिला नाही," बेगोन्याबाई म्हणाल्या. "लेख तुम्हीच लिहा. तुमचं म्हणणं कसं खोटं ठरलं ते. नाहीतर हाही साभार परत."

मास्तरांनी वहीतली ओळ पुन्हा एकदा वाचली. पलीकडे आजी सरमाल्याचं भांडं आपल्याकडे ओढत होत्या.

"नाव कुठं येईल?" मास्तरांनी हळूच विचारलं. "वर की खाली?"

"वर. ठळक अक्षरांत."

मास्तरांनी खिशातून पेन काढलं आणि पलंगावरच्या सात जणांना जरा सरकायला सांगितलं.