देव हरवला, पांढऱ्या झग्यातला

दोन फेब्रुवारीच्या सकाळी फाउस्तिनोनं दोन्ही फोन आणि मनगटावर सारखं गुरगुरणारं ते घड्याळ कपाटात कोंडलं आणि जाहीर केलं, "आई, आज फक्त मी आणि देव. मध्ये कुणी नाही."

दोन्या क्रिसांतानं पलंगावरूनच त्याच्याकडे पाहिलं. तिचं खुब्याचं हाड मोडलं होतं. आज पुएब्ला शहरातल्या घराघरातली बाळयेशूची मूर्ती नटूनथटून चर्चमध्ये आशीर्वादाला जाणार, आणि लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच तिचं बाळ तिच्या कडेवर नसणार!

"फोन ने, तिनो. फादर पाणी शिंपडतील तेव्हा लाव, मी इथून हात जोडीन."

"देव साधेपणात असतो, आई."

"असेल. पण बाळ माझ्या सासूचं आहे. जपून ने."

फाउस्तिनो विमा कंपनीत साहेब होता. त्याच्या घरी कॉफीसुद्धा फोनला विचारल्याशिवाय होत नसे. शेवटची प्रार्थना कधी केली, हे त्याला आठवत नव्हतं. म्हणून आजचा बेत जय्यत होता. एका हातात बाळ, दुसऱ्या हातात बाळाची छोटी लाकडी खुर्ची.

चर्चमध्ये मुंगीला शिरायला जागा नव्हती. जिकडे पाहावं तिकडे बाळंच बाळं! फाउस्तिनोनं आपलं बाळ वेदीच्या पायरीवर इतरांच्या रांगेत ठेवलं, गुडघे टेकले, डोळे मिटले आणि ऑफिसच्या शिबिरात शिकवल्याप्रमाणे लांब श्वास घेतला. मन शांत झालं. इतकं शांत झालं, की डुलकीच लागली.

फादरांचं पाणी तोंडावर उडालं तसा तो दचकून उठला, बाळ उचललं आणि बाहेर आला. अंगणात पायाचा मुका घ्यायला झगा वर केला, आणि तो अंगठ्याकडे बघतच राहिला. घरच्या बाळाचा डावा अंगठा आईनं स्वतः चिकटवलेला, वाकडा. याचा अंगठा सरळ, नवाकोरा!

यंदा बाजारात एकच फॅशन होती, सोनेरी काठाचा पांढरा झगा. आपल्या बाळाचा फोटो कुणाला दाखवावा, तर फोन कपाटात. आता एकच उपाय उरला.

"बाई, जरा पाय बघू?"

"कुणाचा?"

"तुमच्या बाळाचा."

तिसऱ्या झग्याला हात घातला तेव्हा बोभाटा झाला. "मेला बाळं चोरतोय," असं म्हणत एका धिप्पाड बाईनं वाफवलेल्या मक्याच्या तामालेची टोपली उगारली. फाउस्तिनोनं खुर्ची आडवी धरली म्हणून डोकं वाचलं. गलका ऐकून फादर आले.

"काय हरवलं, बाळा?"

"देव, फादर."

"तो सगळ्यांचाच हरवतो. सावकाश बोलू."

"तसा नाही हो. माझा खरंच हरवलाय. पांढरा झगा, वाकडा अंगठा."

फादरांनी त्याच्या कपाळाला हात लावून ताप पाहिला.

अंगण हळूहळू रिकामं होऊ लागलं. बाळ घेऊन जाणाऱ्या प्रत्येक माणसाबरोबर आईचंच बाळ जात असेल, असं त्याला वाटू लागलं. तो पायरीवर बसला आणि पोरासारखा रडला. श्वासबीस काही आठवलं नाही.

"देवा, कुठं आहेस रे तू? माझं जाऊ दे. पण तिला मी काय सांगू?"

"अहो, ते बाळ दाखवा जरा," मागून कुणीतरी म्हणालं. हातात बाळ घेतलेली, घामाघूम झालेली एक बाई उभी होती. "कधीपासून सगळ्यांच्या बाळांच्या डोळ्यांत बघत शिव्या खातेय. आमचं जरा तिरळं आहे."

फाउस्तिनोनं पाहिलं. तिरळंच होतं! त्यानं ते तिला देऊन टाकलं, खुर्ची खाली ठेवली आणि दोन्ही हातांनी तिच्याकडचं आपलं बाळ घेऊन छातीशी धरलं. अंगठा वाकडा होता. इतका वाकडा आणि इतका सुंदर अंगठा त्यानं जन्मात पाहिला नव्हता.

घरी दोन्या क्रिसांतानं आधी अंगठा चाचपला, मग मुका घेतला. तिचे डोळे भरून आले.

"भेटला का देव?"

"भेटला, आई. पण शोधावा लागला." किती दिवसांनी त्याला हलकं वाटत होतं.

"बरं झालं. आता बसव त्याला. खुर्ची कुठाय?"

फाउस्तिनोनं आपल्या दोन्ही रिकाम्या हातांकडे पाहिलं.

"जा," आई म्हणाली. "आणि फोन घेऊन जा."