कोणालाही कळेल असं पुस्तक

"पाचच्या आत पुस्तकाचं नाव ठरवा," प्राचार्य म्हणाले, "मग तुमच्या पत्रावर सही."

पत्र म्हणजे नेमणुकीचं. ते दर सहामाहीला नव्यानं मिळे. नऊ वर्षांत सरांकडे अशी अठरा पत्रं जमली होती आणि सगळं कॉलेज त्यांना 'हंगामी सर' म्हणत होतं. हंगाम आले आणि गेले, सर तिथंच होते. प्राचार्यही त्यांच्याच आठवड्यात आलेले, तात्पुरते म्हणून. दारावरच्या पाटीवर 'प्रभारी' हा शब्द मात्र इतका बारीक होता, की तो वाचायला दाराला नाक लावावं लागे.

व्यवस्थापनाच्या पहिल्या वर्षाला नवा विषय आला होता, 'नोकरीच्या कायद्याची तोंडओळख'. त्यासाठी दोन पुस्तकं आली होती. एक पातळ. दुसरं उशाला घेतलं तर मान धरेल इतकं जाड, आणि प्राचार्यांच्या साडूनं लिहिलेलं.

"निवड निःपक्षपाती हवी," प्राचार्य म्हणाले होते. "साडूचंही तेच मत आहे."

सर सकाळपासून चारदा खुर्चीतून उठले, चारदा बसले आणि पेनाचं टोपण चावून चपटं केलं. तेवढ्यात बायकोचा फोन आला. "मिळालं का पत्र?"

"पुस्तक ठरलं की मिळेल."

"मग लावा की साडूचं! पाण्यात राहून माशाशी वैर कशाला?"

पण सरांचा एक जुना दंडक होता. ज्याला कायद्यातलं ओ की ठो कळत नाही, त्याला जे पुस्तक कळेल तेच विद्यार्थ्यांना लावायचं. त्यांनी शिपाईमामांना बोलावलं. जाड्या पुस्तकाचं पहिलं पान संपेपर्यंत मामा उभ्या उभ्या झोपले. पातळ पुस्तकाच्या तिसऱ्या प्रकरणाला मात्र त्यांनी डोळे उघडले.

"थांबा सर. जेवणाच्या सुट्टीत साहेबानं बोलावलं तर काय, ते परत वाचा."

सरांनी परत वाचलं.

"कळलं," मामा म्हणाले आणि शांतपणे निघून गेले.

सर हरखले. पण एका माणसावरून निष्कर्ष काढू नये, म्हणून त्यांनी ते पुस्तक ऑफिसातल्या कारकूनबाईंना दिलं.

"वेळेनंतर थांबवायचं तर वरिष्ठांनी लेखी सांगावं लागतं?" बाईंनी विचारलं.

"या पुस्तकात तसं म्हटलंय खरं."

"आणि मी चौदा वर्षं नुसत्या खाकरण्यावर थांबतेय!" बाई पुस्तक छातीशी धरून रखवालदाराकडे गेल्या.

एक वाजता प्राचार्यांनी घंटी वाजवली. मग अकरा वेळा वाजवली. मामा जिन्याखाली डबा उघडून बसले होते. शेवटी प्राचार्य स्वतःच पाणी आणायला उठले. पाण्याचा माठ कुठे असतो हे नऊ वर्षांत ठाऊक नसल्यानं ते पेला घेऊन चालू वर्गात शिरले. सगळा वर्ग उठून उभा राहिला. तीन वाजता संस्थेच्या अध्यक्षांची गाडी फाटकाशी येऊन हॉर्न वाजवू लागली. आत रखवालदार खुर्चीत बसून बोटानं पाचवं प्रकरण दाखवत होता. त्याची विश्रांती चालू होती. अध्यक्ष तसेच माघारी गेले.

"हे कोणी शिकवलं तुम्हाला?" प्राचार्य गरजले.

"हंगामी सरांनी," सगळे आदरानं म्हणाले. "फार छान समजावतात." प्राचार्यांनी पुस्तक हिसकावलं आणि केबिनचं दार लावून घेतलं.

सरांना दरदरून घाम फुटला. दंडक गेला खड्ड्यात! पाचला एक मिनिट कमी असताना ते ऑफिसात धावले.

"बाई, जाडं लावतोय! पत्र टाईप करा, फक्त तारीख तर बदलायचीय!"

बाई पर्स खांद्याला लावत होत्या. "लेखी द्या."

सरांनी चिठ्ठी खरडली. बाईंनी ती वाचली, मग घड्याळ वाचलं. "पाच वाजून एक. आणि लेखी वरिष्ठांचं लागतं, तुम्ही कुठे वरिष्ठ?" जाता जाता त्यांना सरांची दया आली. "वाईट वाटून घेऊ नका. तुमच्यामुळेच कळलं हो हे सगळं."

आता उरली केबिन. सर आत शिरले ते हात जोडूनच. "सर, चूक झाली. साडूसाहेबांचं पुस्तक..."

"बसा." प्राचार्यांचा आवाज भलताच मऊ होता. त्यांच्यासमोर पातळ पुस्तक उघडं होतं आणि बोट सातव्या प्रकरणावर रुतलं होतं. "हे तुम्ही वाचलंत?"

"नाही सर. मी सहाव्यापर्यंतच..."

"प्रभारी माणसाला कोणाची नेमणूक करता येत नाही म्हणे. सही केली तरी ती चालत नाही."

सरांच्या डोळ्यांपुढून अठरा पत्रं एकामागोमाग एक उडून गेली. "म्हणजे नऊ वर्षं मला कोणी नेमलंच नाही?"

"नाही."

खिशात फोन वाजू लागला. 'मिळालं का पत्र' हे न उचलताही ऐकू येत होतं.

"घरी सांगा, पत्राची गरज उरली नाही," प्राचार्य म्हणाले. "ज्याला नेमलंच नाही, त्याला काढायचं कसं, हे काही यात दिलेलं नाही. मी दोनदा शोधलं."

"मग उद्या..."

"उद्या साडेनऊचा तास आहे तुमचा. या नेहमीसारखे." प्राचार्यांनी पुस्तक मिटलं, पुन्हा उघडलं, पुन्हा मिटलं. "आणि हेच लावा. साडूला काय सांगायचं ते मी बघतो. फक्त सातवं प्रकरण परीक्षेला नको."