डब्यातले सन

“अठराशे सत्तावन्न कुठं ठेवलंस?” मी तिसऱ्यांदा विचारलं.

“वरच्या फळीवर, जिऱ्याशेजारी,” ज्ञानेश म्हणाला. “आणि आई, ती मिरची आहे. मिरचीच म्हण.”

“मिरची तुला. मला उठाव!”

भांडण आठला सुरू झालं होतं, आता कुठं साडेनऊ वाजत होते. माझा हा मुलगा चाकणला एका कंपनीत सुपरवायझर. तिथं ‘फाइव्ह एस’ नावाचं व्रत पाळतात. वस्तू तितक्या जागा, जागा तितक्या चिठ्ठ्या, आणि महिनाभर हात लागला नाही ती वस्तू भंगारात. सुट्टीच्या दिवशी हात शिवशिवले म्हणून त्यानं माझं स्वयंपाकघर धरलं. मी भाजी घेऊन वर येते तो निम्म्या डब्यांचा दाराशी ढीग, आणि फळीवर सगळ्या एकसारख्या बरण्या. माझ्या चिठ्ठ्या खरवडून काढलेल्या.

आणि उद्या माझा इतिहासाचा पेपर! मुक्त विद्यालयाची आठवी, वय अडुसष्ट. अक्षरं मी बसच्या पाट्यांवर आणि कंपनीच्या गेटवरच्या नोटिशींवर शिकले. कुणापुढं पाटी धरली नाही. पण गेल्या वर्षी चौथ्या मजल्यावरची सोजरबाई पास झाली आणि मी इतिहासात आपटले. लिफ्टमध्ये भेटली की अजून म्हणते, “पुढच्या वेळी नक्की हं!” (तेव्हापासून मी जिन्यानं जाते. गुडघे रोज तिचा उद्धार करतात.)

मला एका गोष्टीचं फार नवल वाटायचं. धाकट्या नणंदेच्या लग्नात किती किलो बुंदी पाडली ते चाळीस वर्षांनी मला पाठ, मग पुस्तकातला एक सन रात्रभरसुद्धा का टिकत नाही? पुष्कळ विचार केला तेव्हा उमगलं. बुंदीला वास असतो, सनाला नसतो. म्हणून मी सन डब्यांत भरून ठेवले. हॉलतिकीट आलं तेव्हाही ज्ञानेशला बजावलं होतं, “तुझ्या फायलींवर माझा भरवसा नाही. मी ठेवते जपून.”

“अगं, बरण्यांवर नावं आहेत की,” तो म्हणाला.

“नावं काय चाटायचीत? मोहरीत बेचाळीस होतं, चले जाव! तडतडतं म्हणून. साखरेत एकोणीसशे पाच, स्वदेशी, विलायती साखर सोडली म्हणून. मिठात तीस. शेजारी पोह्यांत दांडीला निघालेले अठ्ठ्याहत्तर जण, वाटेत खायला लागेल म्हणून. कडधान्यात अठराशे पंच्याऐंशी, राष्ट्रीय सभा, सगळ्या प्रांतांची माणसं एका डब्यात! आता उद्या डोळे मिटले की मला काय दिसणार? तुझे स्टिकर!”

“मग कंपनीत आम्ही—”

“कंपनीत तुझी आई परीक्षेला बसत नाही!”

खालून भंगारवाल्याची हाक आली. ज्ञानेश दाराकडं वळला. मी वाटेत आडवी आले.

रुपाली, माझी सून, इतका वेळ स्टुलावर बसून माझ्या पुस्तकात पेन्सिलीनं खुणा करत होती. मला वाटलं, घाबरली बिचारी. (मला सगळेच घाबरतात, असा माझा समज आहे.) तिनं पुस्तक मिटलं, दाराशी रचलेल्या ढिगाकडं एकदा पाहिलं आणि शांतपणे म्हणाली,

“आई, सन सगळे बरोबर आले, आता हॉलतिकीट कुठल्या डब्यात ठेवलंत तेवढं सांगा.”