गोदूबाईंच्या टीव्हीतला तलवारवाला

पावसाळ्यात टीव्हीला ओल धरते, तेव्हा रोज दुपारी थोडा वेळ नुसताच सुरू ठेवायचा, असं दुकानदाराने बजावलं होतं. दुपारी दूरदर्शन नसायचं. पडद्यावर नुसत्या मुंग्या. त्या मुंग्यांमधून एका दुपारी एक माणूस चालत आला.

तूर निवडणाऱ्या गोदूबाईंचा हात सुपातच राहिला. डोक्यावर बांधलेली शेंडी, ढगळ धोतर, हातात तलवार, मागे बांबूचं बन. आवाज अजिबात नाही. बनातून एक काळ्या कपड्यांतला इसम निघाला. ह्याने त्याला आडवा केला आणि वाकून नमस्कार केला.

ती चाल गोदूबाईंनी ओळखली. त्यांचे यजमान चंद्रभान गेल्या दिवाळीत वारले होते. ते डावा पाय असाच टाकायचे.

"अवो," त्या हळूच म्हणाल्या, "जेवले काय?"

तो पुन्हा वाकला.

मग रोजचंच झालं. कधी तो मरून पडे, तेव्हा गोदूबाई सूप बाजूला ठेवत. पण लगेच उठून चालू लागे. एकदा मेलेल्याला पुन्हा मरायची काय भीती, अशी त्या स्वतःची समजूत घालत.

धाकटे दीर बाबनराव मात्र जिवंत होते आणि हात धुऊन मागे लागले होते. चंद्रभानांचा हातमाग मोडून तिथे त्यांना पिठाची चक्की टाकायची होती.

"मले काहून विचारता, भाऊजी? त्यायलेच विचारा," म्हणत गोदूबाईंनी त्यांना टीव्हीसमोर बसवलं.

बाबनराव मिशीत हसले. मुंग्या हलल्या. तो आला.

"भाऊजी तुमचा माग मोडून राहिले. मोडू देऊ काय?"

तो थबकला. त्याने तलवार उपसली आणि बाबनराव बसले होते त्या बाजूला धावत सुटला. पडद्याच्या काठाशी थांबला, एवढंच.

"राहू द्या, वहिनी! माग राहू द्या!" बाबनरावांची आरोळी गल्लीच्या टोकापर्यंत गेली. पाठोपाठ बाबनरावही.

ती आरोळी ऐकून शेजारचा रुपराव ओशाळा होऊन आला. गोदूबाई रोज टीव्हीतल्या माणसाशी बोलतात, हे त्याच्या कानावर होतं.

"मावशी, माफ करजा. माह्या भाटव्यानं, बहिणीच्या नवऱ्यानं, विलायतेहून कॉम्प्युटर आणला. त्यात जपानी तलवारबाजाचा खेळ हाये. टीव्हीले जोडला का अँटेनातून चित्र तुमच्याकडे येते. थो माणूस मीच चालवतो."

गोदूबाईंचा चेहरा उतरला. "मंग आज भाऊजीच्या अंगावर तूच धावला काय?"

"आज? आज कुठचं, मावशी! सकाळीच कॉम्प्युटरचा ट्रान्सफॉर्मर जळला. सीताबर्डीले दुरुस्तीले टाकून आलो."

दोघांनी पडद्याकडे पाहिलं. मुंग्यांच्या मागे बांबू हलत होते.

रुपराव दाराकडे सरकू लागला. गोदूबाईंनी डोईवरचा पदर सारखा केला.

"बस गा, चहा टाकते," त्या म्हणाल्या. "शेजाऱ्याले ते काही करत नाईत."