नाना बेलीफ आणि डिंकाची बाटली

कर्ज देऊ करणारा फोन वाजला, की आमच्या शेजारचे नाना बेलीफ आधी पायात चपला घालतात. जायचं कुठेच नसतं. पण कायद्याचं काम अनवाणी करायचं नाही, हा त्यांचा नियम.

धुळ्याच्या कोर्टात नानांनी उभी हयात समन्स बजावले. माणूस तोंड चुकवून पळाला, तर त्याच्या दारावर डिंकानं समन्स चिकटवून यायचे. न बजावता परतले, असं कधी घडलं नाही.

अशा माणसाला रोज ऐन वामकुक्षीत कुणीतरी कर्ज देऊ लागलं! नानांनी असले फोन बंद करायची नोंदणी केली. फोन येतच राहिले. तक्रार केली. उत्तर आलं, 'कारवाई झाली, नंबर बंद केला.' तेवढ्यात नव्या नंबरावरून, "सर, पर्सनल लोन?"

"कायदा बठ्ठा शे रे भाऊ, सारा शे," नाना ओट्यावरून गरजले, "पण चिकटवू कोठे? यांना दारच नाही!"

मग नाना दार शोधू लागले. "घेतो कर्ज. आधी नाव, बापाचं नाव, गाव सांग." लगेच फोन कट.

एकदा मात्र पलीकडच्या पोरीचा आवाज पार बसलेला होता. नानांच्या तोंडून निघून गेलं, "घसाले काय व्हयनं बेटा?"

पोरीची पुणेरी मराठी तिथंच गळाली. "बाबा, तुम्ही आपलाकडना शेतस का?" साक्रीजवळचं गाव, वडिलांचं नाव, दारापुढचा निंब, सगळं सांगून बसली.

सकाळी नानांनी नोटीस लिहिली, डिंकाची बाटली पिशवीत टाकली आणि साक्रीची एसटी गाठली.

"नाना, पोरीची नोकरी जाईल हो!" मी अडवलं.

"कायदा म्हणजे कायदा!"

संध्याकाळी परतले, ते पिशवीत भाकरी-ठेचा घेऊन. बाटलीचं बूच तसंच.

"दार नाही सापडलं?"

"सापडलं ना. उघडं होतं. तिची माय म्हणे, आत या. उभ्या नोकरीत माझं सारं काम उंबऱ्याबाहेर झालं रे. 'आत या' कोणी म्हटलंच नव्हतं."

दुसऱ्या दुपारी फोन वाजला. नंबर नवा, आवाज तोच बसलेला. नानांनी चपला घातल्या नाहीत.

"कर्ज नको बेटा. तुनी माय इचारस, येळवर जेवस का?"