बिरादार मास्तरांची वाकलेली गॅलरी

बिरादार मास्तर ट्रकशी रस्सीखेच खेळायचे. हुमनाबादला आमचं घर हैदराबादच्या रस्त्याला अगदी लागून. वरच्या मजल्यावर मास्तर आणि त्यांची बायको, जिला आम्ही अक्का म्हणायचो, भाड्याने राहत. एकदा उसाचा ट्रक गॅलरीला घासून गेला आणि तिचे लोखंडी आधार कायमचे वाकले. तेव्हापासून हा खेळ सुरू झाला.

गॅलरीत चाकांच्या पाटावर वाळूचा डबा आणि कठड्याला घुंगरं. ट्रक आला की घुंगरं वाजत आणि आत बसलेले मास्तर दोरीने डबा गॅलरीच्या झोक्याविरुद्ध ओढत. पुन्हा झोका, पुन्हा उलटी ओढ. जेवतानासुद्धा डाव्या हातात दोरी. सख्ख्या पुतण्याच्या लग्नातून अक्षता पडायच्या आधी पळून आले, का तर दुपारी कारखान्याचे ट्रक सुटतात.

मी घरमालक. गॅलरी कापून टाकू म्हणालो, तर मलाच शिकवायला लागले. लोखंड हद्दीच्या आत वाकलं तर परत येतं, हद्दीबाहेर गेलं की येत नाही, आणि मग प्रत्येक हादऱ्याला आणखी थोडं वाकतं. म्हणून हादरा तिथल्या तिथे मारायचा.

"वाकलं म्हंजे मेलं न्हाई," हे त्यांचं पालुपद.

पॉलिटेक्निकच्या प्रयोगशाळेत जन्मभर सळ्या ताणून तोडण्याचा पगार खाल्लेल्या माणसाला म्हातारपणी लोखंडाची दया आली होती. मी चारचौघांत त्यांना 'झोकेवाले मास्तर' म्हणायचो. त्यांचं आपलं एकच गाऱ्हाणं: अक्का दिवसभर गॅलरीत बसते आणि गॅलरी हलली की तिचा चहा सांडतो.

शेवटी माझं डोकं फिरलं. मास्तर नवी दोरी आणायला बाजारात गेलेले पाहून मी वेल्डरला घेऊन वर गेलो. अक्का गॅलरीत चहा पीत होती. कप बशीवर खडखडत होता, चहा लुगड्यावर सांडत होता. रस्ता मात्र रिकामा होता. मी घुंगरांकडे पाहिलं. ती गप्प होती.

मी पाहिलेलं अक्कानं पाहिलं.

"हात माझाच हलायलाय, अण्णा," ती म्हणाली. "लई दिसांपासनं. डॉक्टर म्हनला, ह्याला इलाज न्हाई. त्यान्ला सांगू नका. गॅलरी हलायलीय म्हनल्यावर त्यान्ला काईतरी करता येतंय."

मला स्वतःची लाज वाटली. तेवढ्यात जिन्यात पावलं वाजली. मास्तरांनी ओलं लुगडं पाहिलं आणि त्यांचा चेहरा पडला.

"ट्रक आला व्हता?"

"दोन आले," मी म्हणालो. "उसानं भरलेले."

"आन ह्याला कामून आणलाव?" त्यांनी वेल्डरकडे बोट केलं. आधारांना जोड द्यायला, असं मी सांगून टाकलं, आणि त्या दिवशी खरोखरच जोड दिला.

मास्तरांनी घाईघाईनं नवी दोरी बांधली. पुढे मी त्यांची टिंगल थांबवली नाही. थांबवली असती तर त्यांना संशय आला असता.