सहा फुटांची शाल

सिंगापुरात बारा महिने घाम गळतो आणि आमचे घरमालक साठेकाका त्या घामातच लोकर विणायचे. क्लेमेंटीहून हार्बरफ्रंटच्या ऑफिसला जाताना एमआरटी मेट्रोत बसायला जागा मिळाली, की पिशवीतून सुया निघाल्याच. जहाजांच्या इंजिनांत हयात घालवलेला माणूस, लोकरीलाही पट्टी लावून बघायचा. कुणी कौतुक केलंच तर म्हणायचे, "कौतुक नंतर. आधी माप बघा."

एकदा मी बरोबर असताना शेजारच्या सीटवरच्या चिनी बाईंना राहवेना. "अंकल, सो हॉट लाह! निट फॉर हू?"

"फॉर गॉड," काका मान वर न करता म्हणाले.

"वा! युवर गॉड, एअरकॉन सो कोल्ड अह?"

मी हसून बेजार झाले. पण काकांचा देव खरोखरच थंडीत होता, ऑस्ट्रियातल्या एका जुन्या गढीत. पूर्वी तिथे उमराव शिकारीची हरणं भाजायचे. आता तिथे कृष्णाचं मंदिर आहे आणि त्याच मुदपाकखान्यात खिचडी शिजते. भिंती हातभर जाड, दालनं इतकी उंच की शेकोटीची ऊब माणसांपर्यंत पोचतच नाही.

त्या गढीत काकांचा मुलगा अमेय राहतो. रॅफल्स प्लेसमधली बँकेतली नोकरी सोडून तो देवाच्या सेवेला निघाला, तेव्हा काका संतापून म्हणाले होते, "गेलास तर मला तोंड दाखवू नकोस." पोरगंही बापासारखंच हट्टी, त्यानं अगदी शब्दशः ऐकलं. फोन बंद. काकांनी पाठवलेला कोट पार्सल न फोडताच परत आला.

तोंड मात्र काकांना रोज दिसायचं, कारण मंदिराची आरती इंटरनेटवर थेट दाखवतात. कडाक्याच्या थंडीत अमेय कॅमेऱ्यासमोर यायचा तो एका सुती उपरण्यावर, आणि खोकत. आठवडे गेले तरी खोकला हटेना. पुढे तर आरतीचं तबक धरलेले हात थरथरायला लागले. काकांचं जेवणातलं लक्ष उडालं. मी त्यांची भाडेकरू, त्यामुळे कुकरच्या शिट्टीवरून बोलणी मला बसायची.

मग एक दिवस त्यांनी गढीत फोन लावून देवाचं माप विचारलं, दिवंगत काकूंच्या सुया काढल्या आणि शाल विणायला घेतली. देव दोन फुटांचा, शाल सहा फुटांची.

"काका, माप चुकलं का हो?"

"माझं? माप?" काका दुखावले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "देवाला घडी घालून पांघरवतील. आणि आरतीनंतर त्याच्या अंगावरचं वस्त्र कुणालातरी प्रसाद म्हणून देतात. बापाचा कोट परत करता येतो. प्रसाद परत करता येत नाही."

"मग अमेयला द्या, असं सांगा ना त्यांना."

"सांगितलं तर ते पार्सल झालं. प्रसाद कसला?"

शाल पोचली. रविवारी दुपारी, म्हणजे तिकडच्या सकाळी, काका बनियनवरच लॅपटॉपसमोर बसले. शाल देवाच्या अंगावर होती. आरती झाली. मोठ्या पुजाऱ्यांनी ती अलगद काढली आणि काकांनी माझं मनगट धरलं, दुखेपर्यंत. अमेय पुढेच उभा होता, खोकला दाबत. पुजारी त्याच्यासमोरून सरळ पुढे गेले आणि मागे काठी टेकून उभ्या असलेल्या एका गोऱ्या आजींच्या खांद्यांवर त्यांनी शाल घातली.

"अहो, हे काय!" मी ओरडलेच.

काकांनी माझं मनगट सोडलं. "म्हातारी आहे," ते म्हणाले. "तिलाही वाजत असेल थंडी." आवाज मात्र पार फुटला होता.

तेवढ्यात आजींच्या खांद्यावरून शाल घसरली. अमेय ती सारखी करायला गेला आणि त्याचा हात काठावरच थांबला. तो काठ काकूंच्या विणीचा होता. अमेयच्या लहानपणीच्या प्रत्येक स्वेटरला त्या असाच काठ विणायच्या. त्यानं तो उलटून पाहिला, बोटांत चुरला, डोळ्यांना लावला. मग मान वर करून थेट कॅमेऱ्यात बघितलं.

तिकडून इकडचं काही दिसत नाही, हे काकांनीच मला कितीदा समजावलं होतं. तरी ते ताडकन उठले, खुर्चीवरचा शर्ट अंगात चढवला आणि घाईघाईनं बटणं लावून पुन्हा स्क्रीनसमोर येऊन बसले.